प्लास्टिकवरची पारदर्शक कंडक्टिव्ह फिल्म सारखी सुटतेय? रेसिपीला हात लावण्याआधी हे तपासा

काचेवर टाकली की घट्ट बसते आणि तीच फिल्म पीईटी (पॉलिएस्टर) किंवा पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकवर टाकली की पकड तपासायला लावलेल्या टेपबरोबर अख्खी निघून येते, ही तक्रार माझ्याकडे सतत येते आणि बहुतेक जण तोपर्यंत पॉवर, प्रेशर, ऑक्सिजनचा फ्लो, सगळं बदलून बसलेले असतात. माझं म्हणणं एवढंच आहे की दोष फिल्ममधे कमी वेळा असतो, फिल्मच्या खाली जास्त वेळा असतो. म्हणून खालचा पृष्ठभाग आणि त्यातलं पाणी या दोन गोष्टी नीट तपासून होईपर्यंत रेसिपी (व्हॅक्यूम चेंबरमधे फिल्म टाकतानाची ही सगळी सेटिंग्ज) आहे तशी ठेवा, नाहीतर एकाच वेळी चार गोष्टी बदलतात आणि नक्की कशाने फरक पडला तेच कळत नाही.

काच आणि प्लास्टिक यात फरक काय ते आधी थोडक्यात. काचेच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन आणि हायड्रॉक्सिल भरपूर असतात त्यामुळे आयटीओ म्हणजे इंडियम टिन ऑक्साइडसारखा पारदर्शक कंडक्टर तिथे सरळ रासायनिक पकड घेतो, शिवाय काच कडक आहे, पाणी पीत नाही आणि तापल्यावर जवळपास ऑक्साइडएवढीच फुगते. प्लास्टिकच्या बाबतीत यातलं काहीच नाही. पृष्ठभागाची ऊर्जा कमी (म्हणून त्यावर काही सहज पसरत किंवा चिकटत नाही), आत ओलावा, वर येणारी अॅडिटिव्हज, आणि तापमानाने फुगणं आयटीओच्या कितीतरी पट. आयटीओ साधारण ७-८ पीपीएम (दहा लाखांत ७-८ भाग) प्रति अंश फुगतो आणि पॉलिकार्बोनेट ६५-७० च्या आसपास, म्हणजे चेंबरमधून गरम बाहेर काढलेला तुकडा थंड होताना खालचं प्लास्टिक आकसतं आणि वरची फिल्म तेवढी आकसू शकत नाही.

आधी लक्षणं ओळखा

टेपबरोबर फिल्म स्वच्छ, मोठ्या पापुद्र्यात निघते आणि खालचं प्लास्टिक चकचकीत दिसतं, तर घाण किंवा कमी पृष्ठभाग-ऊर्जा. ठरावीक जागीच निघते, बोटाच्या आकारात, रोलरच्या रेषेत किंवा वाळलेल्या थेंबाच्या गोलात, तर शंभर टक्के हाताळणी किंवा धुणं. लगेच टेस्ट केली तर पास आणि दोन दिवसांनी किंवा दमट हवेत ठेवल्यावर फेल, तर ओलावा. चेंबर उघडल्यावर फिल्ममधे वळणावळणाच्या फुगलेल्या रेषा दिसतात, अळी सरपटत गेल्यासारख्या, तर फिल्ममधला दाबाचा ताण. टेपवर फिल्मबरोबर एक धुरकट कातडीपण आलीय, तर प्लास्टिकचा वरचा थरच कमकुवत झालाय, आणि हे बऱ्याचदा ट्रीटमेंट (पकड वाढवायला पृष्ठभागावर दिलेला प्लाझ्मा किंवा कोरोना, म्हणजे विद्युतभारित वायूचा मारा) जास्त दिल्यामुळे होतं.

एक लक्षण मुद्दाम वेगळं सांगतो कारण त्यात लोक फार फसतात. टेप टेस्ट पास होते पण रेझिस्टन्स वाढत जातो, आणि मायक्रोस्कोपखाली बारीक समांतर रेषा दिसतात. ही चिकटण्याची समस्याच नाही, हे क्रॅकिंग आहे. आयटीओ ठिसूळ असतो, एक-दोन टक्के ताणला तरी तडकतो, फिल्म घट्ट चिकटलेली असतानाही. तिथे प्लाझ्मा वाढवून काहीही होणार नाही, वाकवण्याची त्रिज्या आणि जाडी बघा.

पहिली तपासणी: टेस्ट तरी बरोबर आहे का

फुकटची तपासणी आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. ज्या टेपने परवा टेस्ट केली तीच आज आहे का, रोल किती जुना, उन्हात पडलेला होता का? एएसटीएम डी३३५९ च्या क्रॉस कटमधे पातळ कोटिंगला १ मिलिमीटर अंतराने ११ आडवे आणि ११ उभे कट मारायचे असतात, टेप लावून नीट दाबून साधारण दीड मिनिटाच्या आसपास ती स्वतःवरच दुमडून सरळ ओढायची असते. ५बी म्हणजे काहीच निघालं नाही, ०बी म्हणजे ६५ टक्क्यांहून जास्त गेलं. आयएसओ २४०९ मधे आकडे उलटे असतात, तिथे ० सगळ्यात चांगला, त्यामुळे दोघांनी दोन स्टँडर्ड वापरून एकमेकांशी वाद घालत बसू नका.

ब्लेड बोथट असेल तर मऊ प्लास्टिक खाली दबतं आणि कटच्या दोन्ही बाजूंनी शंभर-दीडशे नॅनोमीटरची फिल्म आधीच चुरडली जाते, मग टेप फक्त तो चुरा उचलते आणि आपण म्हणतो पकड गेली. दर वेळी नवीन ब्लेड घ्या. महाग नाहीये.

आणि एक सवय लावून घ्या, प्रत्येक बॅचमधे प्लास्टिकच्या शेजारी एक स्वच्छ काचेचा तुकडा ठेवायचा. काचेवरही फिल्म निघाली तर प्लास्टिकला दोष देऊन उपयोग नाही, चेंबर किंवा टार्गेट (ज्या पदार्थातून फिल्म उडवली जाते तो ठोकळा) बघावं लागेल आणि खालच्या निम्म्या तपासण्या वाचतील. काचेवर घट्ट आणि प्लास्टिकवर सैल असेल तर पुढे वाचा.

दुसरी: बाजू कोणती होती

पीईटी फिल्मच्या दोन बाजू बऱ्याचदा वेगळ्या असतात. एका बाजूला प्रायमर किंवा कोरोना ट्रीटमेंट, दुसरी तशीच, किंवा एका बाजूला हार्डकोट (ओरखडे पडू नयेत म्हणून दिलेला कडक थर). डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. दोन्ही बाजूंवर पाण्याचा एक एक थेंब टाका, जिथे तो जास्त पसरतो ती बाजू बहुधा ट्रीट केलेली. रोल उलगडल्या उलगडल्या कोपरा कापून खूण करायची, नंतर आठवेल असं म्हणू नका.

हार्डकोटबद्दल सावध रहा. साधा अॅक्रेलिक हार्डकोट फिल्मसाठी चांगला असतो, पण बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून काही हार्डकोटमधे फ्लोरिन किंवा सिलिकोनवालं अॅडिटिव्ह घातलेलं असतं, त्याचं कामच मुळी काही चिकटू न देणं हे आहे. त्यावर तुम्ही काहीही टाका, ते सुटणारच. सप्लायरला हा एक प्रश्न सरळ विचारून टाका. संरक्षक लायनर काढल्यावरही त्याचा गोंद कणाकणाने मागे राहतो आणि लायनर ओढताना जी स्टॅटिक तयार होते ती आसपासची सगळी धूळ खेचून घेते, त्यामुळे लायनर अगदी शेवटी, जमल्यास आयोनायझरखाली काढा.

तिसरी: धुणं

इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण निम्म्याहून जास्त केसेस इथेच संपतात.

तुकडा धुवून झाला की शेवटच्या डीआय (क्षार काढलेल्या) पाण्यातून तिरका धरून सावकाश बाहेर काढा आणि प्रकाशाच्या बाजूला धरून बघत रहा. पृष्ठभाग स्वच्छ आणि ट्रीट केलेला असेल तर पाण्याचा एकसंध पातळ पडदा खाली ओघळतो. घाण असेल तिथे पडदा फाटतो, आणि तो कुठे फाटतो ते नीट बघण्यासारखं असतं, कधी वरच्या कडेला अंगठ्याएवढा लंबगोल कोरडा डाग उघडतो, नेमका जिथे तुकडा चिमटीत धरला होता तिथे, आणि नंतर टेप टेस्टमधे फिल्मही बरोबर त्याच लंबगोलात निघते. हे एकदा शेजारी शेजारी ठेवून बघितलं की ग्लोव्ह्ज घाला असं कुणाला परत सांगावं लागत नाही. ट्रीट न केलेल्या पीईटीवर पाणी तसंही पूर्ण पसरत नाही, म्हणून तिथे एकसारखेपणा बघा, पडदा सगळीकडे सारखा मागे सरकतोय की मधेच बेटं तयार होतायत.

क्रम असा ठेवा: आधी सौम्य डिटर्जंट, मग भरपूर डीआय पाणी, मग चांगल्या ग्रेडचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), आणि आयपीए स्वतःहून वाळायच्या आत कोरड्या नायट्रोजनने एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे हाकलून द्यायचं. वाळू दिलं तर त्यात विरघळलेली सगळी घाण थेंबाच्या कडेला गोल करून बसते, आणि ते गोल फिल्ममधे दिसतात. अॅसिटोन पॉलिकार्बोनेट आणि अॅक्रेलिकला लावूच नका, पृष्ठभाग मऊ पडतो, पांढरट होतो, बारीक भेगा येतात. अॅक्रेलिकचा तुकडा कापताना किंवा वाकवताना ताण राहिला असेल तर आयपीएनेसुद्धा त्याला केसासारख्या भेगा पडू शकतात, तिथे पटकन पुसून मोकळं व्हायचं, भिजवत ठेवायचं नाही.

ग्लोव्ह्ज पावडर नसलेले नायट्राइलचे. व्हिनाइलच्या ग्लोव्ह्जमधलं प्लास्टिसायझर आयपीएबरोबर निघून तुकड्यावर उतरतं. आणि मोल्ड केलेला पार्ट असेल तर मोल्ड रिलीज म्हणजे सिलिकोन आहे का ते विचारा, सिलिकोन साध्या धुण्याने जात नाही आणि एका तुकड्यावरून सगळ्या बाथमधे पसरतं. त्याच खोलीत कुणी सिलिकोन स्प्रे मारत असेल तर आधी तो बंद करा.

चौथी: डाइन पेन

स्वस्त आणि फार कामाचं. डाइन हे पृष्ठभागाची ऊर्जा मोजायचं एकक, आणि प्रत्येक पेनात ठरावीक आकड्याची इंक असते. इंकची रेघ मारायची, ती साधारण दोन सेकंद तशीच अखंड राहिली तर पृष्ठभाग तेवढ्या डाइनचा किंवा त्याच्यावरचा, लगेच थेंबाथेंबात तुटली तर खालचा. साधं पीईटी ४२ ते ४४ च्या घरात येतं, चांगलं ट्रीट केलेलं ५० च्या वर जातं. पाण्याचं पृष्ठताण ७२ च्या पुढे आहे, म्हणून पाण्यातलं पेडॉट-पीएसएस (वीज वाहणारं पॉलिमर) साध्या पीईटीवर टाकलं की आकसून गोळा होतं, तिथे एकतर पृष्ठभाग वर आणा नाहीतर इंकमधे थोडं आयपीए किंवा सर्फॅक्टंट घालून तिला खाली आणा. ज्या तुकड्यावर रेघ मारली तो परत कोटिंगला वापरायचा नाही, आणि पेनाची एक्स्पायरी बघा, जुनी इंक चुकीचा आकडा दाखवते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, चांगला डाइन आकडा म्हणजे चांगली पकड असं नाही. ओलं होणं ही पहिली पायरी झाली. आकडा ५६ आणि टेप टेस्ट फेल असं झालं तर सहाव्या तपासणीकडे बघा.

पाचवी: ओलावा

ओल्या भिंतीवर रंग दिला की पोपडे येतात, इथेही तोच मामला आहे. पीईटी अर्धा टक्क्याच्या आसपास पाणी धरतं, पॉलिकार्बोनेट त्याहून थोडं कमी, अॅक्रेलिक बरंच जास्त, आणि पॉलिइमाइड तर दोन टक्क्यांच्याही वर जातं. व्हॅक्यूममधे हे पाणी बाहेर यायला लागतं, आणि नेमकं तेव्हाच आपण वर फिल्म बसवत असतो, म्हणजे पहिले काही नॅनोमीटर पाण्याच्या वाफेत वाढतात. खूण सोपी आहे: प्लास्टिक आत असताना बेस प्रेशर (कोटिंग सुरू करण्याआधी गाठायचा कमी दाब) गाठायला काचेपेक्षा खूप जास्त वेळ लागतो, आणि प्लाझ्मा लावल्यावर प्रेशर चढतं.

उपाय म्हणजे आधी वाळवणं, पण तापमान प्लास्टिक बघून ठरवायचं. साध्या पीईटीचं ग्लास ट्रान्झिशन (जिथे प्लास्टिक मऊ पडायला लागतं ते तापमान) ७० ते ८० अंशांत, पीईएनचं १२० च्या आसपास, अॅक्रेलिक १०५ च्या जवळ, पॉलिकार्बोनेट १४५ ते १५०. याच्या खाली रहा, पीईटीला ६० अंशांवर व्हॅक्यूम ओव्हनमधे काही तास. हीट स्टॅबिलाइझ केलेलं पीईटी त्याहून वर सोसतं पण सप्लायरच्या डेटाशीटमधला आकडा बघूनच. जास्त तापवलं तर पीईटी आकसतं, शिवाय त्याच्यातले ऑलिगोमर्स (पॉलिमरच्या अगदी छोट्या साखळ्या) वर येऊन पांढरट भुकटीसारखे बसतात, म्हणजे ओलावा घालवायला गेलो आणि घाण ओढवून घेतली. वाळवलेला तुकडा दमट हवेत उघडा ठेवला तर पातळ फिल्म काही तासांतच परत पाणी पिते, तेव्हा ओव्हनमधून थेट चेंबरमधे.

सहावी: प्लाझ्मा, कोरोना, यूव्ही ओझोन, आणि इथे थोडक्यात गोडी

ट्रीटमेंटने पृष्ठभागावर ऑक्सिजनवाले ग्रुप तयार होतात, त्यांना ऑक्साइड धरतो. पण ट्रीटमेंट जास्त झाली तर साखळ्या तुटून लहान लहान तुकड्यांचा एक थर पृष्ठभागावर नुसता पडून राहतो. डाइन आकडा मस्त येतो, फिल्म त्या थराला मस्त चिकटते, आणि तो थर खाली कशालाच चिकटलेला नसतो. हीच ती टेपवर आलेली धुरकट कातडी. ओळखायची युक्ती: ट्रीट केलेला एक तुकडा पाण्याने धुवून वाळवा आणि परत डाइन पेन लावा. आकडा धाडकन खाली आला तर ट्रीटमेंट जास्त होतेय. मग वेळ किंवा पॉवर अर्ध्यावर आणा आणि एक छोटी मालिका करा, अगदी कमीपासून सुरू करून, प्रत्येकावर टेप टेस्ट. बहुतेक वेळा उत्तर वाटलं होतं त्याहून बरंच कमी निघतं.

ट्रीटमेंट टिकतही नाही. साखळ्या वळून ते ग्रुप आत घेतात, अॅडिटिव्ह वर येतं, आकडा दिवसागणिक उतरतो, उष्णतेत अजून लवकर. म्हणून 'ट्रीटेड' असं लिहिलेला जुना रोल म्हणजे ट्रीटेड नव्हे. ट्रीट केल्यावर आयपीएने पुसू नका, बोट लावू नका, लगेच कोट करा. चेंबरच्या आतच आर्गॉन-ऑक्सिजनचा हलका प्लाझ्मा देऊन हवा न लागू देता फिल्म टाकता आली तर त्यासारखं दुसरं काही नाही.

नॅनोवायर आणि पेडॉटवाल्यांसाठी

सिल्व्हर नॅनोवायर (चांदीच्या अतिसूक्ष्म तारा) मुळात प्लास्टिकवर नुसत्या टेकलेल्या असतात, त्यांना टेपने तपासणंच थोडं अन्यायाचं आहे. वरून पातळ ओव्हरकोट द्या किंवा रोलरखाली दाबून त्या थोड्या प्लास्टिकमधे रुतवा. ओव्हरकोट जाड झाला तर वरून कॉन्टॅक्ट मिळत नाही, तेवढं बघा. पेडॉट-पीएसएसमधला पीएसएस पाणी ओढतो आणि फुगतो, त्यामुळे कोरड्यात पास, दमटात फेल. जीओपीएस नावाचा इपॉक्सी-सिलेन क्रॉसलिंकर साधारण एक टक्का घातला की फिल्म पाण्यातही धरून राहते, कंडक्टिव्हिटी थोडी उतरते ती सोसायची.

सातवी: आता रेसिपी

वरचं सगळं झालं, तरी सुटतेय, तर आता ताण बघा. फिल्म सोलून काढायला उपलब्ध असणारी ऊर्जा जाडीच्या प्रमाणात आणि ताणाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे जाडी अर्धी केली तर ऊर्जा अर्धी, ताण अर्धा केला तर ऊर्जा पाव. जाडी अर्धी केली की शीट रेझिस्टन्स दुप्पट होतो, तेव्हा जाडी कमी करून बघायची ती निदानासाठी: पातळ फिल्म टिकली आणि जाड सुटली तर दोष ताणाचाच.

ताण कुठल्या दिशेचा ते कळायला पीईटीची लांब पातळ पट्टी कोट करून टेबलावर ठेवा. पट्टीची फिल्म असलेली बाजू बाहेरच्या फुगीर अंगाला आली तर फिल्म दाबाखाली आहे, आतल्या अंगाला आली तर ताणलेली आहे. स्पटरिंगमधे (प्लाझ्माने टार्गेटमधले कण उडवून फिल्म टाकण्याच्या पद्धतीत) कमी प्रेशरला कण जोरात आपटतात आणि फिल्म दाबाखाली जाते, तेव्हा प्रेशर थोडं थोडं वाढवत न्या. खूप वाढवलं तर फिल्म सच्छिद्र होते, रेझिस्टन्स चढतो, नंतर ओलावा आत शिरतो. एका वेळी एकच गोष्ट बदला.

मग येतो मधला थर. प्लास्टिक आणि आयटीओच्या मधे काही नॅनोमीटर सिलिकॉन ऑक्साइड बऱ्याच ठिकाणी पुरतो. क्रोम किंवा टायटॅनियमची पकड जबरदस्त पण पारदर्शकता जाते, म्हणून ते फक्त कडेच्या कॉन्टॅक्टखाली. अॅक्रेलिक हार्डकोट हा मला सगळ्यात समजूतदार पर्याय वाटतो, तो ऑलिगोमर्सना खाली अडवतो आणि मऊ प्लास्टिक आणि कडक ऑक्साइड यांच्या मधला कडकपणा देतो. फक्त तो पूर्ण क्युअर झालेला हवा.

फक्त कॉन्टॅक्टपाशी सुटत असेल तर सिल्व्हर पेस्टचं सॉल्व्हंट आणि क्युअरचं तापमान तपासा, आणि कनेक्टर ओढला जातोय का ते. बाकी काही बदलू नका.

कुठे थांबायचं

काचेवरही फिल्म निघतेय आणि बेस प्रेशर येतच नाहीये तर चेंबरला गळती असू शकते, हीलियम लीक डिटेक्टरवाल्याला बोलवा. स्पटरिंगचा पॉवर सप्लाय उघडायचा नाही, इंटरलॉक बायपास करायचा नाही, आत जीवघेणं व्होल्टेज असतं आणि बंद केल्यावरही काही वेळ राहतं. यूव्ही ओझोनचा दिवा उघडा ठेवून बघायचा नाही, ओझोनचा उग्र वास आला की बंद करून बाहेर.

चेंबरच्या भिंतींवर साचलेला आयटीओ खरवडून, ब्रशने झाडून काढू नका. त्या धुळीने फुप्फुसांचा इंडियम लंग नावाचा गंभीर आजार होतो, जपानमधून २००३ साली त्याची पहिली केस प्रसिद्ध झाली. योग्य मास्क, हेपा व्हॅक्यूम आणि प्रशिक्षण नसेल तर हे काम ज्यांचं आहे त्यांनाच द्या.

आणि सगळं तपासून झालं, ताण कमी, डाइन बरोबर, वाळवलेलं, तरी ८५ अंश ८५ टक्के आर्द्रतेत सुटतंय, तर अंदाज करणं थांबवा आणि पृष्ठभाग-विश्लेषण करणाऱ्या लॅबकडे एक्सपीएससाठी (एक्स-रे टाकून वरच्या थरातली मूलद्रव्यं ओळखण्याची चाचणी) पाठवा. सुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजू द्या, प्लास्टिकही आणि निघालेली फिल्मही, त्यावरूनच कळतं की सांधा कुठे तुटला, आणि सिलिकॉन हे मूलद्रव्य अनपेक्षित जागी दिसलं तर सिलिकोनचा माग लागतो. सोबत कोट न केलेला मूळ तुकडा हवाच. नमुने झिप पिशवीत टाकू नका, पिशवीतलं स्लिप अॅडिटिव्ह पृष्ठभागावर उतरतं आणि लॅबला तेच दिसतं, स्वच्छ अॅल्युमिनियम फॉइलमधे गुंडाळा आणि बाहेरून कोट केलेली बाजू, ट्रीटमेंटची वेळ आणि कोटिंगची वेळ लिहा.